मोबाइल गेम आणि आपली पोरं: सांगलीतल्या आई-बापांचे नेहमीचे प्रश्न

खालचे प्रश्न लोकांनी विचारलेले आहेत: विश्रामबागेत शाळा सुटायची वाट बघताना, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, हळदीकुंकवाला, एकदा तर मिरजेच्या बसमध्ये उभ्याउभ्या. मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. नोकरी संगणकावरची आहे आणि घरात नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी आहे, म्हणून लोक मला विचारतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न "किती वेळ?" असतो. मला विचाराल तर त्याच्याआधी तीन गोष्टी बघायच्या: खेळ कोणता, तो थांबतो कुठे आणि पैसे कशासाठी मागतो. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

दिवसाला किती वेळ खेळू द्यावं?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने लहान मुलांसाठी आकडे दिले आहेत. २ वर्षांखाली स्क्रीन अजिबात नको, २ ते ५ वर्षांत जास्तीत जास्त १ तास आणि ५ ते १० वर्षांत २ तासांपेक्षा कमी. यात टीव्ही, कार्टून, रील सगळं आलं, नुसता गेम नाही. जेवताना तासभर कार्टून लावून देणाऱ्या घरात गेमसाठी फारसं काही उरतच नाही.

दहाच्या पुढे घड्याळ लावून बसण्यापेक्षा बाकीचं जागेवर आहे का ते बघावं. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते. अभ्यास, मैदान, घरातल्या माणसांबरोबर एक जेवण. एवढं होऊन जो वेळ उरतो तो त्याचा. रविवारी मामेभावाबरोबर हॉलमध्ये बसून दोन तास खेळणाऱ्या पोराची मला काळजी वाटत नाही. रोज रात्री पांघरुणात चाळीस मिनिटं खेळणाऱ्याची वाटते. आमच्याकडे रात्री साडेनऊनंतर मुलांच्या खोलीत फोन जात नाही, चार्जिंगलासुद्धा नाही. बाकी नियम पुढे-मागे सरकतात, हा नाही.

जेवायला हाक मारली की "पाच मिनिटं" म्हणतो आणि अर्धा तास उठत नाही. मुद्दाम करतो का?

काही वेळा मुद्दाम करतो. बऱ्याचदा तो खरंच अडकलेला असतो आणि ते कसं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

बीजीएमआयमध्ये (पब्जीचा भारतातला अवतार) शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी एक टीम उरते. मोठ्या नकाशावर तो डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. फ्री फायरमध्ये पन्नास जण असतात आणि डाव साधारण दहा मिनिटांत संपतो. दोन्हीकडे मध्येच थांबवायचं बटण नाही, कारण समोरची माणसं खरी असतात आणि खेळ सगळ्यांचा एकदम चालू असतो. चौघांच्या टीममधून एक जण उठला की उरलेले तिघे बहुतेक हरतात. ते तिघे उद्या त्याच्याच वर्गात बसणार असतात. आपण क्रिकेट खेळत असताना शेवटच्या ओव्हरला आईने बोलावलं की आपणही "आलो आलो" म्हणून ओव्हर संपवूनच जायचो.

म्हणून भाकरी तव्यावर टाकल्यावर हाक मारू नका. डाव सुरू व्हायच्या आधी मारा. "आठला जेवण आहे, पावणेआठनंतर नवीन मॅच लावायची नाही" हा नियम पोराला कळतो, कारण तो त्याच्या खेळाच्या भाषेत आहे. "आत्ताच्या आत्ता बंद कर" यात त्याला फक्त अन्याय दिसतो. पावणेआठनंतर लावलीच, तर मात्र मध्येच उठवायचं आणि टीम हरली तर हरू द्यायची. दोनतीनदा मित्रांच्या शिव्या खाल्ल्या की तो स्वतःच घड्याळ बघायला लागतो.

ज्या खेळात डाव साठवून ठेवता येतो, म्हणजे माइनक्राफ्टमधलं स्वतःचं जग, कोडी, एकट्याने खेळायच्या शर्यती, तिथे "पाच मिनिटं" हे नुसतं लाडीगोडीचं असतं. तिथे ऐकून घ्यायची गरज नाही.

हा गेम बरा की वाईट, कसं ओळखायचं?

त्याच्या शेजारी बसा आणि एक डाव बघा. फोन हातात घेऊन तपासणी नको, नुसतं बघायचं. "हा कोण? तू मेलास का आता? ही बंदूक चांगली का?" असं विचारलंत तर पोरगं इतकं बोलतं की शाळेतल्या दिवसाबद्दल आठवड्यात बोलत नाही.

बघताना तीन-चार गोष्टींवर लक्ष ठेवा. डाव संपल्यावर गेम सोडतो, की लगेच "पुढचा" म्हणून बटण चमकवतो? रोज आलं नाही तर काही बक्षीस बुडतं का? अनोळखी माणसाचा आवाज येतो का? आणि दुकान किती वेळा पुढ्यात येतं? या चारही गोष्टी असतील तर गेम कितीही गोंडस दिसो, तो पोराला अडकवण्यासाठी बनवलेला आहे. जळालेले रणगाडे आणि रक्त दिसणारा पण पैसे एकदाच घेऊन संपणारा गेम माझ्या दृष्टीने फळं फोडायच्या फुकट गेमपेक्षा कमी त्रासाचा असू शकतो. मोठ्या मुलासाठी, हं.

गेमच्या नावाखाली ७+, १२+ लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ आहे का?

आहे, पण अर्धाच. प्ले स्टोअरवर ३, ७, १२, १६ आणि १८ अशा पायऱ्या दिसतात. गेम बनवणारी कंपनी एक प्रश्नावली भरते आणि त्यावरून हा आकडा ठरतो. त्यात मारामारी, रक्त, शिव्या, जुगार वगैरे धरलेलं असतं. खेळाडू एकमेकांशी बोलू शकतात का आणि आत खरेदी आहे का, हे वेगळं लिहिलेलं असतं, आकड्यात नाही. तीच ओळ आपण वाचत नाही.

१८ म्हणजे मात्र १८च. चौथी-पाचवीतली पोरं जीटीए नावाच्या १८+ गेममधल्या गाड्यांबद्दल बोलताना ऐकली की मला आईबापांना एकदा तो गेम खेळून दाखवावासा वाटतो. पहिल्याच अर्ध्या तासात उत्तर मिळेल.

आणि खातं उघडताना जन्मतारीख कोणी टाकली ते बघा. पोरं सरळ २००० साल निवडतात. मग गेमला वाटतं समोर मोठा माणूस आहे आणि लहानांसाठी लावलेलं एकही कुंपण लागू होत नाही.

पब्जीवर तर बंदी आली होती ना? मग हे खेळतात काय?

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात पब्जी मोबाइल होतं. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने २०२१ च्या जुलैत तोच खेळ भारतासाठी बीजीएमआय म्हणून आणला. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ च्या शेवटी परत आला. परत आला तेव्हा १८ खालच्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा होती. लहान मुलाच्या खात्याला पालकांच्या फोनवरून मंजुरी लागते. तुम्हाला असा ओटीपी कधी आला नसेल आणि पोरगं खेळत असेल, तर वरची जन्मतारखेची गोष्ट पुन्हा वाचा. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झालं, पण फ्री फायर मॅक्स नावाचं भावंड चालूच राहिलं.

मारामारीचे गेम खेळून पोरगं मारकुटं होतं का?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आधीचं सगळं संशोधन पुन्हा तपासून सांगितलं की हिंसक गेममुळे प्रत्यक्षात हिंसा घडते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ओरडणं, ढकलाढकली असल्या चिडखोरपणाशी मात्र थोडासा संबंध दिसतो. घरातलं निरीक्षण तेच सांगतं. हरल्यावर फोन आपटणं, बहिणीवर खेकसणं, "काय नूब (म्हणजे कच्चा खेळाडू) आहे" म्हणत मित्राचा पाणउतारा. पहिल्या दोन गोष्टींना आमच्याकडे त्या दिवसापुरता खेळ बंद. तिसरीला त्या मित्राला फोन करून नीट बोलायचं.

गेम तर फुकट आहे. मग कंपनी कमावते कशावर?

इथे जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

बीजीएमआयमध्ये यूसी, फ्री फायरमध्ये डायमंड, रोब्लॉक्समध्ये रोबक्स. खरे रुपये देऊन ही नाणी घ्यायची आणि नाण्यांनी कपडे, बंदुकीचा रंग, नाचायच्या स्टेप, गाड्यांचे रंग घ्यायचे. मधे नाणी कशाला? रुपयात लिहिलं असतं तर पोराला "एका टोपीला चारशे?" असं वाटलं असतं. डायमंडमध्ये तसं वाटत नाही. शिवाय नाण्यांचे गठ्ठे असे असतात की वस्तू घेतली की थोडी नाणी उरतात, पण दुसरं काही घ्यायला कमी पडतात. मग पुन्हा गठ्ठा.

त्याच्यावरची पायरी म्हणजे पेटी. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. हवी ती वस्तू दर पेटीत निघत नाही, म्हणून "अजून एक" चालू राहतं. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवून बंदी घातली. आपल्या जत्रेत रिंग टाकून साबण जिंकायचा स्टॉल असतो तिथे निदान आई मागे उभी असते.

आणि तिसरं, पास. महिना-दोन महिन्यांचा सीझन, पैसे भरून पास घ्यायचा आणि रोज येऊन कामं पूर्ण केली तरच बक्षिसं पदरात. म्हणजे पैसे भरून वर रोज हजेरीही लावायची. घरात "आजच खेळावं लागेल, नाहीतर जाईल" असं वाक्य ऐकलंत तर पास घेतलेला आहे हे समजून जा.

आता बंदूक रंगवून नेम सुधारत नाही, हे पोरांनाही माहीत असतं. पण वर्गात ज्याच्याकडे साधे कपडे असलेला खेळाडू आहे त्याला चिडवतात. चांगल्या बुटांवरून आपल्या वेळी चालायचं तेच हे. म्हणून "एक रुपया देणार नाही" असा हट्ट मी धरत नाही. वाढदिवसाला आणि दिवाळीला ठरलेली रक्कम, तीही प्ले स्टोअरच्या रिडीम कोडने, म्हणजे आधीच पैसे भरून घेतलेल्या कूपनने. कोड संपला की विषय संपला. माझं यूपीआय किंवा कार्ड त्याच्या गेमला जोडलेलं नाही आणि तो बारावी होईपर्यंत जोडणार नाही.

खात्यातून पैसे गेले. आता काय?

आधी पोराला मारू नका. मार पडला तर पुढच्या वेळी तो लपवेल आणि वेळ जाईल. इथे वेळ महत्त्वाचा आहे.

प्ले स्टोअरमध्ये पेमेंटचा इतिहास उघडा, काय घेतलं आणि कधी ते दिसतं. खरेदी ४८ तासांच्या आतली असेल तर गुगलकडेच परताव्याची विनंती करता येते. त्यानंतर गेमच्या कंपनीला लिहावं लागतं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे तपासा. दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी दिली गेली असेल तर तिथेच रद्द करता येते. पिन बदला. नवा पिन पोराच्या वाढदिवसाचा नको. "पिन कसा कळला?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. किराणा दुकानात आपण त्याच्यासमोरच तर टाकतो. पोराने स्वतः पिन टाकला असेल तर बँक ते सहसा फसवणुकीत धरत नाही, म्हणून गुगलचा मार्ग आधी.

"फुकट डायमंड मिळतील, इथे लॉगिन करा", "आयडी विकत घेतो", "हॅक केलेला गेम डाउनलोड करा" यातून पैसे किंवा ओटीपी गेला असेल तर ती चोरी आहे. लगेच १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

खेळताना कुणा अनोळखी माणसाशी बोलत असतो. धोका आहे का?

बहुतेक वेळा समोर इचलकरंजीचा किंवा इंदूरचा त्याच्यासारखाच शाळकरी पोरगा असतो आणि सगळं बोलणं "मागे बघ, मागे बघ" इतकंच असतं. आमच्या मुलाचं हिंदी शाळेपेक्षा तिथे जास्त सुधारलं. शिव्यांसकट, हे मान्य करते.

धोका कधी ओळखायचा? समोरचा गेममधून व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवर यायला सांगतो. फुकट डायमंड किंवा कपडे भेट देतो. शाळा, भाग, फोटो विचारतो. "घरी सांगू नकोस" म्हणतो. यातली एकही गोष्ट झाली तर थांबायचं. नाव, शाळा, नंबर आणि फोटो कुणालाच द्यायचा नाही, हे मुलीइतकंच मुलालाही सांगा. मुलांच्या बाबतीत आपण गाफील असतो.

आमच्या घरात हेडफोन बंद आहेत. खेळायचं तर हॉलमध्ये, स्पीकरवर. कटकट होते, सासूबाई वैतागतात, पण समोरचा काय बोलतोय ते घरभर ऐकू येतं आणि पोराच्या तोंडची भाषाही आपोआप सुधारते. गेमच्या सेटिंगमध्ये बोलणं फक्त टीमपुरतं किंवा मित्रांपुरतं ठेवता येतं, तेही करा. रोब्लॉक्समध्ये पालकांचं खातं मुलाच्या खात्याला जोडून गप्पांवर मर्यादा घालता येते.

काही घडलंच तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग ब्लॉक करा. आधी सगळं पुसून टाकू नका. मुलांसाठी १०९८ आणि सायबरसाठी १९३०. लहान मुलाशी मोबाइलवरून घाणेरडं बोलणं पॉक्सो कायद्याखालीही गुन्हा आहे. आणि पोराला आजच सांगून ठेवा: असं काही झालं आणि तू सांगितलंस तर तुझा फोन जाणार नाही. फोन जाईल या भीतीनेच मुलं गप्प बसतात.

फॅमिली लिंक लावावं का? पोरगं तर दोन दिवसांत तोडतं म्हणे.

लावा. गुगलचं आहे, फुकट आहे. मुलाचं खातं त्याच्या खऱ्या जन्मतारखेने उघडायचं आणि आपल्या फोनवरून रोजची वेळ, रात्री बंद व्हायची वेळ, नवीन ॲपला आणि खरेदीला परवानगी ठरवायची. आयफोनवर स्क्रीन टाइम हेच काम करतं.

तोडतात, खरं आहे. फोन रीसेट करतात, आजोबांच्या फोनवर खेळतात, शेजारच्याच्या फोनवर खेळतात. आजोबांचा फोन हे सांगलीतल्या निम्म्या घरांचं उघडं मागचं दार आहे. तरीही लावा, कारण यंत्र रात्री दहाला बंद झालं तर राग यंत्रावर निघतो, तुमच्यावर नाही. चोरून लावू नका एवढंच. मुलाला समोर बसवून, काय दिसतं काय नाही ते दाखवून लावा.

मोहित्यांच्या वडगावचा भोंगा शहरात चालेल का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरवलं की संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद. कोविडच्या ऑनलाइन शाळेनंतर पोरं फोनला चिकटली होती, त्यावरचा हा उपाय. देशभर बातम्या आल्या.

त्या बातम्यांत सगळ्यांनी मुलांच्या अभ्यासाबद्दल लिहिलं. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. टीव्ही आईचा बंद झाला, फोन बापाचा बंद झाला. नियम सगळ्या गावाला होता, म्हणून "माझ्याच घरी असं का?" हा प्रश्न कुठल्याच पोराला विचारता आला नाही. खेळायला मित्रच ऑनलाइन नसतील तर खेळणार कुणाशी?

शहरात अख्ख्या वॉर्डाला भोंगा लागणार नाही. पण पोराच्या टीममधले चौघे कोण आहेत ते शोधता येतं आणि त्यांच्या आयांचे नंबर बहुतेक तुमच्याकडे असतातच. आम्ही चार घरांनी मिळून सोमवार ते गुरुवार संध्याकाळी सात ते नऊ बंद ठेवतो. एकट्या घराने केलं असतं तर दोन दिवस टिकलं नसतं. आणि त्या दोन तासांत माझी मालिका आणि नवऱ्याचे ग्रुपही बंद. तो सगळ्यात अवघड भाग आहे, पोरांचा नाही.

नवरा रमी खेळतो आणि मुलाला गेम खेळू नको म्हणतो.

याचं उत्तर मी पार्किंगमध्ये दिलं होतं तसंच देते: आधी रमी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद ठरवले, कौशल्याचे म्हणा की नशिबाचे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. आता "रंग ओळखा, पैसे दुप्पट" असल्या लिंक टेलिग्रामवर फिरतात. त्या मोठ्या माणसांच्या फोनवर येतात आणि पोरांच्या हातात जातात. ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) आणि साधे मनोरंजनाचे गेम या बंदीत नाहीत.

बुद्धिबळ मोबाइलवर खेळला तर चालेल ना?

बुद्धिबळातल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेंच्या गावात "नाही" म्हणायची माझी हिंमत नाही. लिचेस नावाचं बुद्धिबळाचं ॲप फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. पण तीन-तीन मिनिटांचे डाव एकामागून एक रात्री अकरापर्यंत चालले असतील तर तो चौसष्ट घरांचा फ्री फायरच झाला. दहा-पंधरा मिनिटांचे डाव लावायला सांगा आणि आठवड्यातून एकदा समोर माणूस बसवून लाकडी पटावर.

मुलगी गेम खेळते. मैत्रिणी म्हणतात हे मुलांचं काम.

मैत्रिणींच्या आयांना सांगा की २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने राजी नावाचा गेम जगभरात आणला. त्यात भावाला शोधायला निघालेली मुलगीच लढते. माझी मुलगी माइनक्राफ्टमध्ये वाडा बांधते आहे, चौक आणि विहिरीसकट. ऑनलाइन खेळताना मुलीचं नाव दिसलं की काही जण त्रास देतात, म्हणून टोपणनाव असं ठेवा की मुलगा की मुलगी कळू नये. हे करावं लागतं याचा राग येतो, पण करा.

प्लेस्टेशन घ्यावं का?

पन्नास हजारांच्या पुढे जातं, वर एकेक गेम हजारोंत. परवडत असेल तर मला ते मोबाइलपेक्षा बरं वाटतं: हॉलमधल्या टीव्हीवर चालतं, शाळेच्या दप्तरात जात नाही, पांघरुणात मावत नाही आणि बऱ्याच गेमना शेवट असतो. परवडत नसेल तर कर्ज काढून घेऊ नका. पोरगं दोन महिन्यांत परत फोन मागेल.

गेम कॅफेत जातो.

एकदा तुम्ही स्वतः जाऊन या. तासाला पैसे देऊन चार मित्र एकत्र खेळतात, त्यात वाईट काही नाही. शाळेच्या वेळेत गणवेशातली पोरं आत बसलेली दिसली, किंवा आत सिगारेटचा वास आला, तर तिथे जाणं बंद.

म्हणतो, "मी गेमर होणार, शाळा सोडतो."

ई-स्पोर्ट्सला सरकारी मान्यता डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकं होती. जकार्तात २०१८ साली ती प्रदर्शनीय स्पर्धा होती, तेव्हा तीर्थ मेहताने भारताला कांस्य मिळवून दिलं. म्हणजे पोरगं हवेत बोलत नाही. पण पैसे मिळवणारे खेळाडू फारच थोडे, आणि रिफ्लेक्स वयाबरोबर मंदावतात.

त्याला विचारा, खेळायचं आहे की बनवायचं आहे? बनवायचं असेल तर वाट मोठी आहे. चित्रकला, संगीत, गणित, गोष्ट सांगणं, प्रोग्रामिंग, सगळ्यांना तिथे जागा आहे. स्क्रॅच, गोडो आणि ब्लेंडर ही गेम बनवायला लागणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत, घरच्या जुन्या लॅपटॉपवर स्क्रॅच सहज चालतं. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. सुट्टीत एक छोटा गेम पूर्ण करून दाखव म्हणावं. अर्धी पोरं तिसऱ्या दिवशी सोडतात. जे सोडत नाहीत त्यांच्याकडे नीट लक्ष द्या.

व्यसन लागलंय हे कसं ओळखायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलेला आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तीन खुणा आहेत: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या आवडी आणि रोजची कामं गेमच्या मागे पडतात, आणि नुकसान दिसत असूनही खेळ वाढतच जातो. हे साधारण बारा महिने दिसायला हवं आणि त्याने शाळा, घर, नाती बिघडलेली हवीत. परीक्षेनंतरच्या सुट्टीत पोरगं दिवसभर लोळत खेळतंय, हे व्यसन नाही, ती मे महिन्याची सुट्टी आहे.

शाळेला जाणं बंद, अंघोळ-जेवण टाळणं, रात्रभर जागणं, फोन काढून घेतला तर अंगावर येणं किंवा जिवाचं बरंवाईट करायची धमकी, यात बारा महिने थांबायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. "लोक काय म्हणतील" म्हणून जी घरं थांबतात त्यांचं नुकसान जास्त होतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत याच कामासाठी शट क्लिनिक २०१४ पासून आहे. बऱ्याचदा गेमच्या आड दुसरंच काही असतं: शाळेत कोणी छळतंय, घरात भांडणं आहेत, गणित समजत नाही. फोन काढून घेतल्याने ते सुटत नाही.

डोळे बिघडतील?

जवळचं सतत बघणं आणि उन्हात न जाणं, दोन्हीने नंबर वाढायला हातभार लागतो. रोज दोन तास उघड्यावर गेलेले बरे. आमराई आहे, शिवाजी स्टेडियम आहे, कृष्णेचा घाट आहे.

दहावीला गेम पूर्ण बंद करावा का?

पूर्ण बंद केलेली घरं मी बघितली आहेत. पोरगं अभ्यासाच्या नावाखाली यूट्यूबवर दुसऱ्यांचे गेम बघत बसतं. ऑनलाइन टीमचा गेम फोनवरून काढा, कारण तो वेळ ठरवू देत नाही. त्याऐवजी थांबवता येणारा एखादा ठेवा आणि रविवारी दुपारी खेळू द्या. हे ठरवायचं जूनमध्ये, फेब्रुवारीत नाही.

आजोळी गेला की सगळे नियम पाण्यात.

जाऊ देत. आजीच्या फोनमधलं यूपीआय तेवढं लॉक करून पाठवा.